फॉन्ट होईपर्यंत पाणी नाही

मी तर म्हणते, संकल्प करण्याआधी काम किती वेळाचं आहे ते विचारून घ्यावं. माझ्या सोळा सोमवारांच्या उद्यापनाची गोष्ट आहे ही. संध्याकाळी सावली गावातल्या आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बाया येणार होत्या. त्यांना कहाणी वाचता यावी म्हणून माझी लेक सुमेधा कॉम्प्युटरवर ठसठशीत अक्षरांचा फॉन्ट बनवत होती. सकाळी विचारलं तर म्हणाली, "झालंच आई, दोन मिनिटं."

मी भोळी! हातावर पाणी घेतलं आणि देवाला बोलून गेले, "कहाणी छापून हाती आल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही."

दुपारचे दोन वाजले तरी पडद्यावर ओळी आपल्या सरकतच होत्या.

"काऊन वं, अजून नाई झालं?"

"अठरापैकी अकरा झाले."

"अठरा काय?"

"बारीक, जाड, तिरपे, सारेच बनून राह्यले."

"आपल्याले किती पाहिजेत?"

"एकच. जाड. तुझा आवाज काऊन बसला? पाणी पी."

"पाणी कसं पिऊ? कहाणी हाती येईपर्यंत घेणार नाई, असं देवाले बोलली ना मी."

सुमेधानं कपाळावर हात मारला, सगळं थांबवलं आणि फक्त जाड फॉन्ट बनवायला लावला. अर्ध्या तासात कहाणी छापून माझ्या हातात! मी तांब्याभर पाणी प्याले आणि मग रागावले, "हे सकाळीच नाई करता येत होतं?"

"येत होतं ना! पण सकाळी तू देवाले सांगितलं. फॉन्ट मी बनवून राह्यली होती, मले सांगाचं होतं!"