तुम्हाला काय वाटतं, बाबा?

दोन हजार अठराचा उन्हाळा, मे अर्धा सरलेला, पोरगी माझ्याशी बोलत नाही ती तेव्हापासून, आणि म्हणे जावयाची बढती हुकली ती माझ्यामुळे. आता यात माझं काय? मी गेलो होतो त्यांच्या एसीत बसायला.

तुम्हाला सांगतो, जावयाचा धंदा असा. ऑफिसात डबे असतात, मागे वायरींचं जंजाळ, सगळ्यांना इंटरनेट वाटणारे. त्या डब्यांना काळ्या पडद्यावर टाइप करून हुकूम सोडायचे. ते हुकूम हा बनवतो. गिऱ्हाइकं म्हणाली, तुमचे हुकूम कुणाच्या बापाला कळत नाहीत. मग याने काय करावं? बाप शोधला. स्वतःचा वारलेला, म्हणून बायकोचा.

"बाबा, तुम्हाला जमलं तर कुणालाही जमेल."

हा मान. जन्मभर क्रेन चालवली मी, माझ्या हाताखालून लोखंड गेलं, कुणाचं बोट चेंगरलं नाही... असो. बसलो. कागदावरचं अक्षर बघायचं, तेच बटण दाबायचं. दाबलं. पडद्यावर लाल अक्षरांत 'चूक'. काय चुकलं ते नाही, नुसतं 'चूक', शाळेतल्या मास्तरासारखं. विचारलं, काय चुकलं हो? शेजारी बसलेला जावई गोड आवाजात म्हणतो, "तुम्हाला काय वाटतं, बाबा?"

ही त्यांची चाचणीची पद्धत. मदत करायची नाही, बुडणाऱ्याला विचारायचं, पाणी कसं वाटतं. खोलीच्या काचेच्या भिंतीआड बाकीचे ऑफिसवाले बघत बसलेले. मग पासवर्ड आला. मी टाइप करतोय, पडद्यावर काही उमटेना. मला काय ठाऊक की पासवर्ड उमटतच नसतो? मला वाटलं बटणं अडकली. क्रेनचा दांडा अडकला की करायचो तसंच केलं, दोन बुक्क्या घातल्या, फुंकर मारली. विचारलं, बिघडलंय का?

"तुम्हाला काय वाटतं, बाबा?"

काचेआड एकजण हसून उलथा पडला. तेही सोसलं असतं. पण याने त्याचा व्हिडिओ घरी आणून टीव्हीवर लावला. विहीणबाई इतक्या हसल्या की कवळी हातात आली. आणि माझी पोरगी, तोंडावर हात धरून, तीसुद्धा. ते हसू मी उसनं म्हणून ठेवून घेतलं.

आठ दिवसांनी पुन्हा बोलावणं. सुधारणा झाली होती म्हणे. झाली होती, खोटं कशाला बोलू. आता चुकलं की पडदा अदबीने सांगायचा, हा शब्द नाही, तो म्हणायचा होता का? डबा सुधारला होता, जावई होता तसाच. काचेआड मोठी गिऱ्हाइकं, जावयाच्या वरच्या मॅडम, आणि बढतीचं पत्र मॅडमच्या पर्समध्ये.

कागदावर होतं, डब्याला नवा पासवर्ड द्या. दिला. उमटला नाही, पण मी आता शहाणा, फुंकर मारली नाही. पुढे होतं, दोन नंबरची वायर बंद करा. पडद्याने विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की.

आणि सगळं ऑफिस गप झालं. फोन बंद. कार्डावर उघडणारे दरवाजे बंद. गिऱ्हाइकं काचेआड, मत्स्यालयातल्या माशांसारखी तोंडं हलवतायत. जावयाने घाईत मला सरावाच्या डब्याऐवजी ऑफिसचाच डबा जोडून दिला होता. आता तो पळत डब्यापाशी गेला, तर डबा पासवर्ड मागतोय. नवा. मी दिलेला.

आला माझ्याकडे. एसीत घाम. "बाबा, पासवर्ड काय टाकलात?" काचेवर मॅडम ठोकतायत. "बाबा, लवकर, पाया पडतो, काय टाकलात?"

मी खुर्ची मागे सरकवली, पाय लांब केले.

"तुम्हाला काय वाटतं, जावईबापू?"

फिटलं.