ऑफिसच्या नंबरावरनं एक फोन

तात्याबा : तुमच्या साहेबानं चोराला आमच्या दारापत्तुर वाट दावली. हे आत्ता तुमच्या तोंडावर बोलतोय, आन साहेब घावला की त्याच्याबी तोंडावर बोलणार हाय.

[सांगलीतलं, मुलांना परदेशी शिकायला पाठवणारं एक ऑफिस. तात्याबांनी आपला मोबाईल टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलाय. त्यावर व्हिडिओत त्यांची लेक अपेक्षा, आयर्लंडहून. टेबलापलीकडं ऑफिसचा मुकुल.]

मुकुल : काका, आधी बसा बघू. आटपाडीकडनं आलाय, पहिल्या एस्टीनं निघाला असाल. चहा सांगतो.

तात्याबा : च्या नगं.

अपेक्षा : आबा, बसा तुम्ही. मुकुल सर, चहा राहू दे. आज इकडं यायला निघणाऱ्या त्या पल्लवीला फोन लावा.

मुकुल : अगं, त्याचंच उत्तर मी तुला सकाळी मेसेज केलं होतं.

अपेक्षा : कुठं केलंत? माझं व्हॉट्सअ‍ॅप चोरीला गेलंय हे सांगायला तर आबा तुमच्यासमोर बसलेत.

मुकुल : हां. सॉरी, लक्षात नाही आलं. सरांचं म्हणणं असं, की दुसऱ्या विद्यार्थिनीच्या प्रवासात आपण मध्ये पडायचं नाही. आणि तिचा नंबर मी तुला देऊ शकत नाही. प्रायव्हसीचा प्रश्न येतो.

अपेक्षा : प्रायव्हसी. ज्या ग्रुपवर आम्हा सगळ्यांचे नंबर आहेत त्याचा क्यूआर कोड तुम्ही स्टँडसमोरच्या फ्लेक्सवर छापलाय. माझ्या फोटोशेजारी. वडापची जीप थांबलेली असताना कुणीही मोबाईल समोर धरावा आणि आत यावं. तेव्हा कुठं होती प्रायव्हसी?

तात्याबा : आमी मेंढरं कोंडताना भवतीनं जाळ्याची वाघर लावतो. तिला येकच तोंड ठिवायचं, आन तितं कुत्रं बसवायचं. तुमची तर वाघरच न्हाई, वर बोर्ड लावलाय, या म्हणून.

मुकुल : काका, मला एकदा नीट सांगा काय झालं. सरांना सांगायचं तर मला कळायला हवं.

तात्याबा : सोमवारी मी रानात व्हतो. फोन आला. ‘मामा, मी जयराज, दहिवडीकडचा, अपेक्षाच्या कॉलेजातला.’ म्हणला, पोरीला पोलिसांनी न्हेलंय, कागदात खोट निघाली. तिला फोन करू नगा, केला तर तिच्यावरच बालंट यील. तुमच्या फोनवर सा आकडं येतील तेवढं वाचून दावा, म्हंजी हिकडं तिची वळख पटती आन ती सुटती.

मुकुल : आणि तुम्ही वाचले?

तात्याबा : वाचलं.

मुकुल : पण तिचा कोड तुमच्या फोनवर कसा आला?

अपेक्षा : माझं जुनं सिम आबांच्या फोनात आहे. बँकेचे मेसेज येत राहावेत म्हणून निघताना तिथंच ठेवलं. तुमच्या ग्रुपवरच्या निम्म्या पोरांनी तसंच केलंय, आणि व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांचं जुन्याच नंबरवर. आबांनी आकडे वाचले आणि माझं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या मोबाईलवर उघडलं.

मुकुल : काका, रागावू नका, पण कोड कुणाला सांगू नये हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत असतं.

तात्याबा : मलाबी ठावं हाय. बँकेच्या नावानं आला असता तर शिवी घालून ठिवला असता. पर ह्यो हिच्या मामाचं गाव सांगत व्हता. आमची मेंढरं पाटणावरनं कंच्या घाटानं कोकणात उतरत्यात ते सांगत व्हता. माझ्या घोडीचं नाव चंद्री, ते बी त्याला ठावं. घोडीचं नाव कुणी परका सांगतोय व्हय?

मुकुल : मग त्याला हे सगळं कुणी सांगितलं?

अपेक्षा : मी. तुमच्या ग्रुपवर. हा जयराज आत आला, फोटो फेट्यातला. आल्या आल्या ‘येळकोट’ टाकलं आणि पहिला प्रश्न, ताई गाव कुठलं, पाव्हणं कुठलं? मला इथं येऊन महिना झाला नव्हता. दिवसभर कुणाला माझं नावसुद्धा धड म्हणता येत नव्हतं, आणि हा चंद्रीची चौकशी करतोय. मी सांगत गेले. मी एकटी नाही, सगळेच. आठवडाभर ग्रुपवर नुसती गावंच्या गावं येत होती. कुणाची आजी कुठली, कुणाचा दाजी फौजेत कुठं आहे. तुमचे सर अ‍ॅडमिन आहेत ना? त्यांनी खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलंय. हा कुठल्या कॉलेजचा, कुठल्या वर्षाचा, एकानंही विचारलं नाही. गाव सांगितलं की माणूस आपला झाला.

तात्याबा : त्यात पोरीचं काय चुकलं न्हाई. आमच्यात त्योच पारखायचा दगुड हाय. परमुलखात रातीला मेंढरांच्या वाड्याकडं कुणी आला की आदी इचारायचं, गाव कंचं, पाव्हणं कुठलं. सांगता आलं न्हाई की वळखायचं, ह्यो मेंढरू उचलायला आलाय. माझ्या बापानं हेच केलं, मीबी हेच. पर तितं इचारणारा मी येकटा आन सांगणारा त्यो येकटा. तिसऱ्याला ऐकू जात न्हाई. तुमच्या ग्रुपात समद्यांनी सवालबी ऐकला आन जबाबबी. आता चोराला जबाब पाठ झालाय.

मुकुल : बरोबर आहे तुमचं. पण अपेक्षा, तू तुझं व्हॉट्सअ‍ॅप परत घेतलंस ना? मग आता तो बाहेर पडला.

अपेक्षा : आबांकडून नवीन कोड घेतला, टाकला, तो बाहेर पडला. पण तोवर त्यानं वर स्वतःचा पिन लावून ठेवला होता. तो पिन मी आधीच लावायला पाहिजे होता, नाही लावला. आता आठवडाभर मलाही आत जाता येत नाही, म्हणून तर आबांशी दुसऱ्या अ‍ॅपवर बोलतेय. आणि माझ्या नावानं त्यानं जे काम करायचं ते केलंय. माझ्या खोलीतल्या मयूरीनं मला तिच्या मोबाईलवर दाखवलं. ग्रुपवर मी म्हणे पल्लवीला लिहिलंय, तू उतरलीस की माझा भाऊ गाडी घेऊन येईल, रजिस्ट्रेशनसाठी पासपोर्ट त्याच्याकडं दे, खोली बघून ठेवलीय. खाली पल्लवीनं लिहिलंय, ताई तू आहेस म्हणून घरच्यांनी सोडलं.

तात्याबा : हिला भाऊ न्हाई. मला ही येकलीच.

मुकुल : मयूरीनं सांगायचं ना मग पल्लवीला.

अपेक्षा : सांगितलं. त्याच्या आधीच माझ्या नावानं ग्रुपवर मेसेज पडला होता, की मयूरीचा फोन चोरीला गेलाय, तिच्या नंबरवरून काही आलं तर विश्वास ठेवू नका. पल्लवीनं तिला ब्लॉक केलं. मी इथल्या नंबरवरून फोन केला, ती उचलत नाही. का उचलत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये शिकवलं होतं, परदेशातला अनोळखी नंबर उचलू नका, ऑफिसच्या नंबरवरून आला तरच बोला. पोरगी तुमचं ऐकतेय, मुकुल सर. म्हणून तुमच्याकडं आलोय.

मुकुल : ग्रुपवर एक सूचना टाकावी, असं मीही सरांना सुचवलं होतं.

अपेक्षा : आणि त्यांनी काय केलं?

मुकुल : ग्रुप बंद केला. म्हणजे अ‍ॅडमिन सोडून कुणाला लिहिता येत नाही असं केलं. रविवारी मिरजेत पालकांचा मेळावा आहे. घबराट नको म्हणाले. मेळावा झाल्यावर सविस्तर सूचना काढू म्हणाले.

अपेक्षा : म्हणजे ओरडणाऱ्यांची तोंडं बांधली. पल्लवी आज संध्याकाळी फलटणहून निघतेय. रविवारी तुमच्या मेळाव्यात पेढे वाटाल तेव्हा ती कुणाच्या तरी गाडीत बसलेली असेल, आणि तिचा पासपोर्ट तिच्याकडं नसेल. परक्या देशात, एकोणीस-वीस वर्षांची पोरगी, हातात कागद नाही. काय होतं तिचं? तुम्ही सांगा. तुम्ही या धंद्यात आहात.

मुकुल : मला घाबरवू नकोस. मला कळतंय. पण मी इथं पगारावर आहे. सर स्पष्ट म्हणालेत, एकाही मुलाला परस्पर फोन जाता कामा नये.

तात्याबा : बरं. मग फलटणची गाडी कवा हाय ते सांगा. मी जातो.

मुकुल : काका, फलटण काय लहान आहे का? नुसत्या पल्लवी नावावर घर कसं सापडेल?

तात्याबा : न्हाई सापडलं तर स्टँडावर उभा ऱ्हातो. बॅगा घिऊन निघालेली पोरगी आन मागनं रडणारी आई, येवढं वळखू येतंय मला. आमीबी न्हवं का सोडली अशीच.

अपेक्षा : आबा, थांबा. त्यांना विचार करू द्या.

तात्याबा : इचार करायला येळ कुठं हाय? ह्ये गडी चांगलं हाईत, मला दिसतंय. पर चांगल्या माणसानं बी हात हलवावा लागतोय.

मुकुल : ऑफिसचा मोबाईल हा आहे. लावतोय मी. तू बोलू नकोस आधी, मी बोलतो.

अपेक्षा : लावा.

मुकुल : हॅलो, पल्लवी? सांगलीहून मुकुल. हो, ऑफिसमधूनच. नाही, व्हिसाचं काही नाही, सगळं ठीक आहे. नीट ऐक. तुला घ्यायला येणारा माणूस अपेक्षाचा भाऊ नाही. अपेक्षाचं व्हॉट्सअ‍ॅप चोरलं होतं… हो, कळतंय… अपेक्षा, ती म्हणते, ताईंशी माझं रोज बोलणं होत होतं, त्यांनी तर माझ्या आईचीही विचारपूस केली.

अपेक्षा : बोलणं कधी झालं? नुसतं लिहिणं झालं असेल. विचारा, माझा आवाज तरी ऐकलाय का तिनं.

मुकुल : नाही म्हणते, लिहिणंच झालं. पण आता तिला माझाही भरवसा वाटेना. म्हणते, खरी अपेक्षाताई तिथं असेल तर तिला मामाचं गाव विचारा.

अपेक्षा : नाही सांगणार.

मुकुल : अगं, सांग की. एका शब्दाचं काम आहे.

अपेक्षा : तो शब्द त्यालाही येतो. मी सांगितला की उद्या तोही सांगेल, आणि ती त्याचंही खरं मानेल. तिला म्हणावं व्हिडिओ लाव. ऑफिसचा मोबाईल आबांच्या मोबाईलसमोर धरा. तोंडाला तोंड बघू दे.

तात्याबा : धरा, धरा. अजून वाईच खाली. हां, आता दिसतीया.

अपेक्षा : पल्लवी, फ्लेक्सवर माझा फोटो बघितलायस ना? बघ, तीच आहे का. केस बांधलेत फक्त. रडू नकोस. तू मूर्ख नाहीस, मी तुझ्यापेक्षा जास्त बोलून बसलेय त्याच्याशी. आता ऐक. पासपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा नाही. माझ्यासुद्धा नाही. तो फक्त विमानतळाच्या अधिकाऱ्याला दाखवायचा आणि परत घ्यायचा. त्या भावाला काही कळवू नकोस. त्याच्या सगळ्या मेसेजचे फोटो काढून ठेव, मग ब्लॉक कर. आम्ही इथल्या पोलिसांकडं तक्रार देतोय, त्यांना ते लागतील. खोलीचं मी कॉलेजच्या ऑफिसात आज जाऊन विचारते, ग्रुपवर नाही. आणि उतरलीस की आतच थांब. मी आणि मयूरी येतो. आमची तोंडं बघितल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. सिम घरी ठेवणार आहेस? मग निघायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपला पिन लाव, आणि घरच्यांना शेजारी बसवून सांग, माझ्या नावानं कुणी रडलं, ओरडलं, काही केलं तरी आकडे वाचायचे नाहीत, आधी मला फोन करायचा.

मुकुल : तिचे वडील आलेत फोनवर. ते काकांना मागताहेत.

तात्याबा : राम राम. मी हिचा बाप. न्हाई, न्हाई, गाव आता सांगत न्हाई मी कुणाला, तुमी तोंड बघून घ्या माझं. व्हय, घाबरलो की, लय घाबरलो. पोरगी कोठडीत हाय म्हणल्यावर आकडं वाचून मोकळा झालो. दुसऱ्या दिशी घरात समदी म्हणत व्हती, बोलवून घ्या तिला माघारी. मी म्हणलं, चोरी त्यानं केली आन शाळा हिनं सोडायची व्हय? न्हाई. तुमीबी पोरीला आडवू नगा. पाठवा. माझी पोर हाय तितं, खरी. बरं. ठिवतो.

मुकुल : ठेवला त्यांनी. संध्याकाळी निघतेय ती. सगळं ऐकलंय तिनं. पिनही लावते म्हणाली.

अपेक्षा : मुकुल सर, तुमचे आभार मानते. पण पल्लवी एक झाली, ग्रुपवरची बाकीची मुलं राहिलीत.

मुकुल : थांब, सरांचा फोन येतोय. हो सर. हो, आत्ताच लावला होता, फलटणच्या मुलीला. हो, ऑफिसच्याच नंबरवरून. नाही सर, मला कुणी भाग पाडलं नाही. मीच लावला. काका, सर विचारताहेत, कुणाच्या परवानगीनं हे चाललंय. तुमच्याशी बोलायचंय त्यांना. स्पीकरवर टाकतो.

अपेक्षा : आबा, एक मिनिट. मयूरीनं ग्रुप उघडून दाखवलाय मला. बघा म्हणते. नावांच्या यादीत तो अजून आहे. फेट्यातला फोटो, जयराज. आमची तोंडं बांधली, आणि त्याला काढलाच नाही.

तात्याबा : ऐकलं का, साहेब? तुमचा चोर अजून तुमच्याच ग्रुपात बसून लेकरांची गावं वाचतोय. आमच्या परवानगीचं मागनं बघू. त्याला भाईर काढायला तुमाला कुणाची परवानगी लागती, तेवढं सांगा.