हाताला लागला तो सेन्सर

...आणि वर मलाच म्हणतात, ‘तुला गाडीतलं काय कळतं?’ नाही कळत! मुळीच कळत नाही! पण मेकॅनिक जेव्हा ‘वरचा’ म्हणतो तेव्हा वरचा म्हणजे वरचा, खालचा नव्हे, एवढं तर कळतं ना? तुम्हीच सांगा, वर आणि खाली यातला फरक कळायला माणसाला इंजिनिअर व्हावं लागतं का? पण नाही! आमच्या घरात वर काय नि खाली काय हे ठरवणारा एकच प्राणी आहे, माझा नवरा, आणि त्याचे ते दोन शब्द... ‘मी बघतो.’

तुम्हाला सांगते, या दोन शब्दांनी माझ्या संसाराचं जेवढं वाटोळं केलंय ना, तेवढं सासूबाईंना सुद्धा जमलं नाही, आणि त्यांनी काही कमी कष्ट घेतले नव्हते. नळ गळत होता, थेंब थेंब. ‘मी बघतो.’ बघितलं. स्वयंपाकघरात घोटाभर पाणी! मिक्सर आवाज करत होता. ‘मी बघतो.’ आता आवाज करत नाही. आता काहीच करत नाही! आणि या माणसाची नजर शेवटी माझ्या गाडीवर पडली हो.

माझ्या म्हणजे माझ्याच. मी घरोघरी जाऊन लोकांचे आखडलेले सांधे सोडवते. कुणाचा खांदा, कुणाची कंबर, कुणाचा ऑपरेशन झालेला गुडघा. घडीचा पलंग, वजनं, रबरी पट्टे, शेकायचं मशीन, हे सगळं काय मी डोक्यावर घेऊन फिरू? गाडी आहे म्हणून धंदा आहे. गाडी नाही, तर मी नुसती एक बाई आहे जिला गुडघ्यांबद्दल बरंच काही माहीत आहे.

तर झालं काय, गाडीत इंजिनाचा तो पिवळा दिवा लागला. लागला तो लागलाच. पेट्रोल अशी प्यायला लागली की पंपावरचा माणूस ओळखीचं हसायला लागला. मागून काळा धूर. आणि महिनाअखेरीला धुराच्या सर्टिफिकेटची मुदत संपत होती! सर्टिफिकेट नाही तर गाडी रस्त्यावर काढायची नाही, सरळ हिशेब. गेले तपासणीला. त्या माणसाने मागच्या नळीत कांडी घातली, मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच आतून विडी ओढत होते. ‘नापास. नीट करून आणा.’

नेली मेकॅनिककडे. हा आमचा मेकॅनिक म्हणजे तोंडाचा फाटका माणूस. शब्द विकत घेऊन आल्यासारखा बोलतो आणि जो बोलतो तो अपमानाचाच. त्याने यंत्र जोडलं आणि म्हणाला, ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय. वरचा.’ ऐकलंत? वरचा! मी ऐकलं. शेजारच्या गाडीखाली झोपलेल्या माणसानेही ऐकलं असेल. आमच्या ह्यांनी काय ऐकलं? किंमत!

‘केवढ्याला?’

मेकॅनिकने कंपनीच्या पार्टची किंमत सांगितली आणि ह्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ह्यांनाच ऑक्सिजन लावावा लागतो. ‘अहो पण वस्तू केवढी? अंगठ्याएवढी! अंगठ्याएवढ्या वस्तूला एवढे पैसे?’

मेकॅनिक म्हणाला, ‘साहेब, डोळासुद्धा बोराएवढाच असतो.’

झालं. इज्जत गेली! आता माघार घेतील तर ते हे कसले? तिथेच, त्या तेलकट फरशीवर, सगळ्यांसमोर, छाती काढून म्हणाले... बरोब्बर. ‘मी बघतो.’

मग सुरू झाली निवड. माझ्यासाठी स्थळं बघताना माझ्या वडिलांनी एवढी चौकशी केली नव्हती, केली असती तर आज ही वेळ आली नसती. स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार बिचारा गोड बोलणारा. ‘ताई, हा बघा कंपनीचा. महाग, पण डोळे झाकून लावा. हा दुसऱ्या कंपनीचा, पण तुमच्याच गाडीसाठी बनवलेला, प्लग तयार आहे, जुना काढा, नवा लावा, खटक, झालं. बराच स्वस्त. आणि हा तिसरा, सगळ्या गाड्यांना चालतो. फक्त ह्याला प्लग नाही, चार वायरी मोकळ्या आहेत. जुन्या सेन्सरचा प्लग कापून ह्याला जोडायचा. जोडता येत असेल तरच घ्या हं साहेब.’

मी म्हटलं, ‘तो मधला द्या.’ शहाण्या माणसाने काय घेतलं असतं? मधला! पण जोडता येत असेल ‘तरच’ म्हणाला ना तो! ह्यांच्या पुरुषार्थाला हात घातला ना! ‘चार वायरी जोडायच्या त्यात काय? मी बघतो.’ घेतला तिसरा. दुकानदाराने बिल करताना माझ्याकडे इतक्या दुःखाने बघितलं, इतक्या दुःखाने... माझ्या भावानेही पाठवणीला तसं बघितलं नव्हतं.

आता एकटा नवरा असता तर एक वेळ निभावलं असतं. पण मला एक दीरही आहे. सर्वज्ञ! मोबाइलवर व्हिडिओ बघून त्याला सगळं येतं. विहिरी खणण्यापासून पोट साफ ठेवण्यापर्यंत. तो रविवारी सकाळी हातमोजे घालून हजर. ‘वहिनी, चहा टाका, चहा होईस्तोवर झालं समजा.’ तो चहा मी त्या दिवशी किती वेळा टाकला, ते सांगत बसले तर पुन्हा टाकावा लागेल.

तर तो वरचा सेन्सर बसलेला असतो इंजिनाच्या मागे, पत्र्याच्या आड, जिथे हात जाईल पण पाना जाणार नाही, आणि पाना गेला तर हात परत येणार नाही. वर्षानुवर्षं तापून तापून गंजून चिकटलेला. दोघांनी आळीपाळीने हिसके दिले. ह्यांची बोटं सोलली. दिराचा व्हिडिओ संपला. मग दीर गाडीखाली सरपटला आणि आतून आवाज आला, ‘दादा! इकडे पण एक आहे! आणि हा फिरतोय!’

ऐका हं! हा फिरतोय! म्हणजे काय, तर गेलाय वरचा, पण निघतोय खालचा, म्हणून खालचा काढायचा! अहो, रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे मी म्हण म्हणून ऐकलं होतं, ते माझ्या दारात, माझ्या गाडीखाली, माझा चहा पिऊन चाललं होतं! मी म्हटलं, ‘अहो, मेकॅनिकने वरचा सांगितला होता.’ तर हे म्हणाले, ‘अगं, सेन्सर तो सेन्सर. नळी एकच आहे ना? धूर वरून जातो तोच खाली येतो ना?’ आणि दीर खालून, ‘वहिनी, टेक्निकल आहे, तुम्ही नका टेन्शन घेऊ.’

मी उद्या कुणाचा उजवा गुडघा आखडलाय म्हणून डावा चोळला तर? ‘आजोबा, हा जास्त मऊ लागला हो हाताला!’ चालेल? जोड्याने मारतील मला!

पण खरा कहर पुढे आहे. त्या नव्या सेन्सरला प्लग नव्हता, आठवतंय ना? प्लग जुन्याचा कापायचा. आणि हातात जुना कुठला? खालचा. धडधाकट! निरोगी! काही एक तक्रार नसलेला! त्याची मान ह्यांनी पक्कडीने कच्चकन कापली हो. मी दारात उभी राहून बघत होते. आणि मग त्या चार वायरी. दोन पांढऱ्या सोडल्या तर जुन्यांचे रंग वेगळे, नव्यांचे वेगळे. दीर म्हणाला, ‘पांढऱ्या दोन पांढऱ्यांना जोड दादा, बाकीच्या दोन काय, इकडून तिकडे.’ इकडून तिकडे! जोडल्या. चिकटपट्टी गुंडाळली. गाडी सुरू केली. दिवा? लागलेलाच! आणि वर आणखी कसलातरी फ्यूज उडाल्याचा वास.

दरम्यान माझ्या पेशंटचं काय? एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, गावाबाहेर टेकडीवर राहतात, बस जात नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. अशा वेळी गुडघा रोज वाकवला नाही तर तो आखडतो, मग पुन्हा आयुष्यभर काठी. नुकता कुठे वाकायला लागला होता. त्यांचा फोन. ‘गैरहजर राहायचं असेल तर आधी कळवायचं, एवढी शिस्त नाही? तुम्ही येणार नसाल तर मी गुडघा सरळच ठेवते.’ त्या जळक्या वासाच्या गाडीत बसायची माझी हिंमत होईना, मी रिक्षा करून गेले, पलंग टपाला बांधून. जी कमाई झाली ती रिक्षावाल्याला दिली, वर त्याची मान आखडली होती तीही फुकट बघून दिली. आणि घरी येऊन मी रडले. राग आला की मला रडू येतं, आणि रडू आलं की आणखी राग येतो.

पुन्हा मेकॅनिक. यंत्र जोडलं. ‘मागच्या वेळी एक फॉल्ट होता. आता दोन आहेत. कोणी हात लावला?’

आणि माझ्या नवऱ्याने, ज्याने मला सुखदुःखात साथ द्यायची शपथ घेतली त्या पुरुषाने, काय म्हणावं? ‘माझा भाऊ.’

मेकॅनिक म्हणाला, ‘वरचा इंजिनाला सांगतो पेट्रोल किती घे. तो मेलेला होता. खालचा नुसता धूर साफ झाला का बघतो. तो जिवंत होता. आता दोघं गेले. दोन आणा.’ आणि हे, माझे आई, हे तोंड उघडायला लागले! ‘म’ आला होता ओठांवर! मी म्हटलं, ‘खबरदार! एक शब्द बोलाल तर इथेच सोडून जाईन.’

गेले दुकानात. एकटी. ‘दोन द्या. मधले. प्लगवाले.’ दुकानदाराने न विचारता सेन्सरचा खास पाना, गंज सुटायचा फवारा आणि आट्यांना लावायचा लेप काढून दिला. घरी आले. आधी गाडी सुरू करून इंजिन थोडं गरम केलं, फवारा मारला आणि बसले. नुसती बसले. हे बाजूला टॉर्च धरून, ‘अगं जोर लाव! हिसका दे!’ हिसका? आखडलेल्याला हिसका द्यायचा नसतो! आयुष्य गेलं माझं लोकांना हेच सांगण्यात. थोडं पुढे, थोडं मागे. पुन्हा फवारा. थोडं पुढे, थोडं मागे. आणि सुटला हो! कर्रर्र करून सुटला! नव्याच्या आट्यांना लेप लावला, टोकाला लागू दिला नाही, बसवला. खालचाही बसवला. पुन्हा मेकॅनिककडे नेऊन फ्यूज बदलला, यंत्र लावून जुने फॉल्ट पुसून घेतले. दिवा बंद! गेला तो पिवळा डोळा! तपासणीवाल्याने नळीत कांडी घातली, मशीनकडे बघितलं, म्हणाला, ‘पास.’

म्हणजे मुदतीच्या आत सुटले, असं वाटलं मला. वाटलं, आता गाडी माझी, टेकडी माझी, गुडघे माझे.

डोंबल! ह्यांनी आता सेन्सरवर वाचन सुरू केलंय. सगळ्यांना सांगत सुटलेत, ‘आम्ही घरच्या घरी केलं, मजुरी वाचली.’ आणि कुठेतरी वाचलं की छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या की सेन्सर नीट तापत नाही, त्यावर काजळी धरते. मी काय करते दिवसभर? ह्या गल्लीतून त्या गल्लीत, छोट्या छोट्या फेऱ्या! ‘अगं, एवढा महागाचा सेन्सर, त्याला रोज एकदा मोकळ्या रस्त्यावर लांब पळवून आणला पाहिजे. तू कामाचं बघ. सेन्सरचं मी बघतो.’

रोज सकाळी, बरोब्बर माझ्या कामाच्या वेळेला, गाडी घेऊन जातात हायवेला. टेकडीवरच्या बाईंना मी आता दुपारची वेळ दिलीय, त्याबद्दल शेरा ऐकून. बाकीच्यांकडे सकाळी पलंग खांद्यावर मारून पायी.

तुम्हाला सांगते, लग्न झाल्यापासून ह्या माणसाच्या मागे लागलेय मी... पोट सुटलंय, सकाळी जरा फिरायला जात जा, फिरायला जात जा. आता जातात हो. एक दिवस चुकवत नाहीत. गाडीला घेऊन जातात, सेन्सरची तब्येत चांगली राहावी म्हणून. आणि वजन माझं कमी झालंय.