पोंचोला हाक ऐकू जाऊ नये म्हणून

हॅलो?… हो, मीच. या घरात फोन उचलायला दुसरं कोण आहे, मांजर?… ओफेलिया! अगं, सकाळी सातला? मोन्तेविदेओत तुम्ही लोक दहाच्या आत उठत नाही म्हणून ऐकलं होतं.

नाही गं, अजून काहीच ठरलं नाही. गुरांच्या डॉक्टरीणबाई आत्ताच आल्यात. ग्रिसेल्दा, हो, तीच, काटकुळी. पोंचोला तपासायला लाकडी बोळात घातलंय. वाल्दे दोराशी उभा आहे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत…

हो, आजच ठरणार. एक तर कळपाचा वळू, नाहीतर दुपारपर्यंत खच्ची. आणि मग पुढच्या वर्षी इतर बैलांबरोबर कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये.

काय?… मोठ्यानं नाही बोलता येत, ओफे… मोठ्यानं नाही येत म्हटलं!… अगं, कानाचं यंत्र लाव ना!

सांगते, सांगते. कुणाला बोलायचं नाही पण. वाल्देला, तुझ्या भाच्याला, तर मुळीच नाही… तो माझा आवाज ओळखतो. कोण म्हणजे? पोंचो! आवाज ऐकला की तडक या खिडकीशी येतो. कारण मी… अगं, मी त्याला रोज संध्याकाळी वाळका पाव देते.

हस. हस तू… हो, हो, गवतावर वाढलेला आणि पावावर! एकच तुकडा गं. दाणा नाही, मका नाही. ऑगस्टच्या थंडीत गवत करपलं होतं, शेजाऱ्यांचे खुराकावरचे वळू खुराक बंद होताच महिन्यात वाळून फळी झाले. आणि आपला? नुसत्या माळावर चरून पाठ अशी, की वर परात ठेवावी!

माहीत आहे मला. सगळं माहीत आहे. हाताळलेला वळू माणसाला भीत नाही, आणि न भिणारा वळू एक दिवस माणूस मारतो. तेओफिलोमामाच्या बरगड्या मी विसरले असेन का? त्यालाही त्यानंच बाटलीवर वाढवलेल्या वळूनं लोळवलं होतं. म्हणून तर वाल्दे म्हणतो, "आई, तो माणसांकडे आला तर मी सुरी काढतो, वंश कुणाचा का असेना." आणि त्याचं बरोबर आहे गं, तेच तर…

पण माझ्या हाताखाली तीनच दिवस होता तो! त्याची आई वीज पडून गेली, चुलीशी ठेवला, बाटली लावली. चौथ्या दिवशी कळपातल्या एका म्हाताऱ्या गायीचं वासरू मेलं, तर वाल्देनं त्याचं कातडं काढून याच्या अंगावर बांधलं, बाबा बांधायचे तसंच, पायांसाठी दोन भोकं पाडून. म्हणून तर पोंचो नाव पडलं, घोंगडीच्या पोंचोसारखं ते पांघरून हिंडायचा ना. म्हातारीनं हुंगलं, एक लाथ झाडली, आणि मग जी चाटायला लागली… मी कुंपणाशी उभी राहून रडले होते. तिथंच सोडायला हवा होता मी. सोडवला नाही. बाबांच्या तांबड्या वळूच्या वंशातला शेवटचा नर, ओफे. त्याच्यानंतर नुसत्या कालवडीच झाल्यात.

थांब. टेप काढली… ग्रिसेल्दा खाली वाकलीये. काय मोजतात म्हणजे? गुरांत वाढलीच नसल्यासारखं विचारतेस. तेच मोजतात, अंडांचा घेर!… अडतीस! अडतीस म्हणाली! दोन वर्षांच्याला अडतीस सेंटीमीटर!

आठवतंय? वळू सोडायच्या दिवशी बाबा आपल्याला आत कोंडून झडपा लावून घ्यायचे. मुलींनी बघायचं नाही. आणि आपण दोघी त्या तुटक्या पट्टीतून… तूच ढकलायचीस मला! माझ्या कपाळावर वण आहे अजून. आणि आज बघ, एक मुलगी बाहेर वाकून मोजतेय आणि मी झडपा सताड उघडून फोनवर आकडे सांगतेय. बाबांनी टोपी फेकली असती.

हो… वीर्यही तपासलं, गाडीवरच सूक्ष्मदर्शक लावलाय… मान हलवतेय… पाय बघतेय… वाल्देनं दार उघडलं. आता सोडणार. आता बोलू नकोस. अगं, तू बोल, मी नाही बोलत.

…

निघाला.

…

ओफे, थांबला. मान वर केली. कान… अगं बाई, इकडेच बघतोय.

…

नाही, श्वाससुद्धा घेत नाहीये मी. दोन पावलं आला. वाल्देचा हात कमरेला गेला… तू आरडू नकोस ना, रिसीव्हरमधून बाहेर जातंय!… पोंचो, नको रे. नको बाळा. इकडे काही नाही…

…

पलीकडे कुणीतरी हंबरलं. एक गाय… पुन्हा हंबरली.

फिरला! ओफे, तो फिरला! डुरकतोय… धावतोय गं, एवढं धूड, कुंपणाच्या कडेनं, सरळ गायींच्या घोळक्यात… ग्रिसेल्दा हसतेय. वाल्देनं टोपी काढली. "आई, ठेवतोय गं याला!" म्हणतोय, हात हलवतोय मला!

रडत नाहीये. बरं, रडतेय. एकदाही मागे वळून पाहिलं नाही गं त्यानं. दोन वर्षं पाव खाल्ला माझ्या हातचा, आणि एकदाही नाही! मेला विसरला मला… विसरला, ओफे! किती छान विसरला!

काय?… आता? आता ओरडते, थांब. ओफेलिया! आपला पोंचो वळू झाला! बाबांचा वंश राहिला! आलं ऐकू?… आलं ना! सगळ्या माळाला ऐकू गेलं असेल.

हो, पाव बंद. शप्पथ. खिशात कालचा तुकडा आहे, तो मीच येर्बाच्या कडू चहाच्या घोटाबरोबर खाईन… तू ये ना. पुढच्या सप्टेंबरात वासरं होतील, पांढऱ्या तोंडांची. झडपेच्या पट्टीतून बघायला नको आता, खुर्ची टाकून बसू…

अगं बाई, वाल्दे इकडे येतोय. हो, घरातच येतोय. ठेवते, ठेवते… अगं नंतर! खिडकीच्या कट्ट्यावर दोन वर्षांचा चुरा पडलाय, तो झटकायचाय मला!