तिसरीच्या बाईंना आता सोडा

मोठे गुरुजी, कल्पनाबाईंचे मालक, गावकरी, आणि पोरांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माझ्या लेकी-सुनांनो,

माझ्याआधी जे जे बोलले ते सगळे म्हणाले, आज शब्द सुचत नाहीत. आणि मग इतके बोलले की बाहेर चपलांवर ऊन आलं. मला शब्द सुचतात. पण बोलायला जड जातंय. कारण ज्या माणसाबद्दल बोलायचं, ते गेलंय का नाय, याचीच मला खात्री नाय.

हसू नका. हसला तो बघा, किसन. हस बाबा. तुझ्यावर पण येणार हाय मी.

जे ओळखत नाहीत त्यांना सांगते. मी ताराबाई. बाई माझ्या भाडेकरी. चाळीतली पहिली खोली त्यांची, तिला लागून माझी. मी शिकले दुसरीपर्यंत. दुसरीला मास्तर बदलून गेला, त्याच्यामागं मी पण सुटले. भुताखेतावर माझा विश्वास नाय. माझ्या खोलीत भूत राहिलं तर मी त्याच्याकडून भाडं घेईन. हे अशासाठी सांगितलं, की आता पुढं जे ऐकाल ते घाबरट बाईचं बोलणं नाय.

कल्पनाबाई घाटावरच्या, सातारच्या बाजूच्या. गावात आल्या तेव्हा सुकापूरकडे जाताना दोन्ही अंगाला भात होता. नंतर आमच्या पोरांनी जमिनी विकल्या, गाड्या घेतल्या, लेकरं नवीन पनवेलच्या इंग्रजी शाळेत घातली. तिथं टिकली नाहीत की परत बाईंच्या वर्गात. हाच तो वर्ग. तिसरीचा. बाई कधी कोणाला टाकून बोलल्या नाहीत. बोलायला वेळ कुठं होता?

उजाडायच्या आत कोण डबा घेऊन बाहेर जातो ते पकडायला पथक, त्यात बाई. गळ्यात शिट्टी. माझा दीर अजून तोंड लपवतो. म्हणतो, ‘वहिनी, जिनं माझ्या पोराला लिहायला शिकवलं तिच्यापुढं मी तसा उभा राहिलो!’ त्याला त्याची लाज वाटली. बाईंना काय वाटलं असेल, ते कोणी विचारलं नाय. मग शाळा. मग खिचडी आधी स्वतः खाऊन बघायची, म्हणजे काय व्हायचं ते पोरांच्या आधी बाईंना व्हावं. मग मतदारांच्या याद्या घेऊन घरोघर. आज संडास मोजा, उद्या जनावरं मोजा. आणि तो मोबाइल. माहिती पाठवा, फोटो पाठवा, आत्ताच्या आत्ता पाठवा. भाकरी थापताना तो वाजला की बाईंचा हात परातीतच थांबायचा. तसाच. पिठासकट.

आणि कधी चुकून दिवसा ओटीवर दिसल्या, तर येणारा जाणारा हटकून विचारणार, ‘काय बाई, आज सुट्टी?’

माझा नातू जासईला कंटेनरच्या यार्डात कामाला हाय. आठवड्याच्या सुट्टीला दुपारपर्यंत लोळतो. त्याला गावात कोणी विचारत नाय. बाईंना विचारतात. हा किसन तर पारावर बसून भाषण द्यायचा, ‘मास्तरांची मजा हाय. अर्धा वर्स सुट्टी आनि पगार पुरा.’ मी विचारलं, ‘किसन, तू जमीन विकल्यापासून कामाला कधी गेलास रं?’ तर म्हणाला, ‘आजी, माजी गोष्ट वेगली.’

बरोबर. तुझी गोष्ट वेगळी.

आता मालकांकडे बघून बोलते. भाऊ, तुमाला दुखेल, पण ऐका. बाईंची तुमच्या गावाकडे बदली झाली होती. सगळ्यांना ठाऊक हाय. बाईंनी पेढे वाटले होते, मला दोन दिले. आणि आपण गावानं काय केलं? मोठ्या गुरुजींकडे मोर्चा नेला. ‘बाई चांगल्या हायेत, आमी सोडणार नाय.’ गुरुजी म्हणाले, ‘मलाही सोडता येत नाही, बदली माणूस आल्याशिवाय कार्यमुक्त करता येत नाही.’ बदली माणूस आला नाय. आपण बाईंना शाल दिली, नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. बाई ती शाल घेऊन घरी आल्या आणि मला म्हणाल्या, ‘आजी, लोकांचं किती प्रेम आहे हो माझ्यावर.’ आणि खोलीत जाऊन कडी लावली.

एखाद्यावर प्रेम असलं की त्याला कोंडून घालायचं, ही कुठली रीत?

आता त्या दिवसाचं.

बाईंनी रजा घेतली होती. अंगात ताप. सकाळी दारात येऊन म्हणाल्या, ‘आजी, आज मी झोपते. कोणी आलं तर सांगा, बाई नाहीत.’ मी त्यांच्या दाराशी तांदूळ निवडत बसले. कोण कोण आलं! एकाला दाखला हवा, एकीच्या पोराचं नाव चुकलंय, शाळेतून निरोप की अमका कागद कुठं ठेवलाय. मी सगळ्यांना एकच सांगत होते. बाई नाहीत. बाई नाहीत. बाई नाहीत. एक जण जाता जाता बोललाच, ‘बरं हाय, मनाला येईल तवा सुट्टी.’ नाव नाय घेत. खाली मान घातलेली मला दिसतेय.

दुपारी मंदा आली. आपली खिचडी शिजवणारी मंदा. मला बघून म्हणते, ‘आजी, बाई आजारी म्हणं ना?’

‘हो. झोपल्यात.’

‘मग वर्गात कोन हाय? मी आताच खिचडी दाखवून आले. त्यांनी चमचा घेतला, मान हालवली. मी म्हनलं, बाई, तुमचे हात किती गार.’

मी म्हटलं, तुझं डोकं फिरलंय. पण हातातलं सूप खाली ठेवलं. दार ढकललं. कडी नव्हती.

बाई अंथरुणावर होत्या. कुशीवर, एक हात गालाखाली. झोपल्यासारख्या. डॉक्टर आला, त्यानं बघितलं, म्हणाला, सकाळीच गेल्या.

मंदा, तू समोर बसलीयस. मी खोटं बोलत असेन तर ऊठ आणि सांग.

नाय उठली. बघा.

मालक रातोरात निघून आले. गाढी नदीच्या काठावर जाळलं बाईंना. आणि दुसऱ्या दिवशी शाळा भरली. गाव म्हटलं, तपासणी हाय, शाळा कशी बंद ठेवणार? एका बाईसाठी पोरांचं नुकसान? म्हणून ही सभासुद्धा आज, रविवारी. शाळा बुडू नये म्हणून. गेल्याचं दुःख करायचं, ते पण सुट्टीच्या दिवशी.

त्यानंतर काय चाललंय ते तुमाला सगळ्यांना माहीत हाय. कोणी तोंडानं बोलत नाय, म्हणून मी बोलते.

तिसरीला शिक्षक नाय. तरी तिसरीचा वर्ग शांत हाय. चौथीत दंगा, दुसरीत रडारड, तिसरीत नुसते पाढे. संथ. बाई म्हणायच्या त्याच चालीत. मी स्वतः येऊन बघितलं, भर दुपारी, या खिडकीतून. ही खुर्ची रिकामी. पोरं सगळी खुर्चीकडे बघत होती. एकानं करंगळी वर केली. थांबला. मग मान डोलवली आणि बाहेर पळाला. दुसऱ्यानं करंगळी वर केली. तो पण थांबला. आणि परत खाली बसला. मी खिडकीतून विचारलं, ‘का रं, का नाय गेलास?’

म्हणाला, ‘बाई म्हणाल्या, तो येऊ दे मग जा.’

मी देवाचं नाव घेत नाय सहसा. त्या दिवशी घेतलं.

माझी नात याच वर्गात. घरी आल्यावर तिला जवळ घेऊन विचारलं, ‘बाय माझे, तुमाला शिकवतं कोण?’

‘बाई.’

‘अगं, बाई गेल्या ना?’

‘हो, माहितीये. आज त्यांचा आवाज बसला होता.’

नंतर एकदा म्हणाली, ‘आज बाई बसूनच होत्या. त्यांना उभं राहवत नव्हतं.’ आणि परवा शाळेतून आली, पाटी ठेवली, हळू आवाजात म्हणाली, ‘आज बाईंनी टेबलावर डोकं ठेवलं. आम्ही कोणीच आवाज केला नाही.’

ऐकलंत? जिवंतपणी एक दिवस रजा घेतली, त्यात मेल्या. आणि मेल्यावर आजारी हायेत. मेलेलं माणूस आजारी पडतंय, आणि कामावर येतंय!

मी गुरुजींकडे गेले. म्हटलं, हे बघा, हे काय बरं नाय. गुरुजी म्हणाले, ‘आजी, वर्ग शांत आहे. नवीन शिक्षक मिळेपर्यंत चाललंय तसं चालू द्या.’

‘अहो, पण शिकवतंय कोण?’

‘मुलं आपापलं करतात.’

‘आपापलं करतात, तर मग तुमी त्या वर्गात का पाय ठेवत नाय?’

गुरुजींनी समोरचे कागद सारखे केले. गुरुजी माणूस वाईट नाय. त्यांच्या डोक्यावर पण कागदांचा डोंगर हाय. पण चाललंय तसं चालू द्या, हे जे बोलणं हाय ना, त्यानंच बाई गेल्या.

आणि गाव काय करतंय? हे टेबल बघा. हार. उदबत्ती. नारळ. कोणीतरी पोराला स्कॉलरशिप मिळू दे म्हणून नवस बोललंय. परवा हा किसन या रिकाम्या खुर्चीपुढं हात जोडून उभा. काय रं, काय मागत होतास? मी मागंच होते. ‘बाई, यादीत माजं नाव चुकलंय, तेवरं बघा.’ अरे, लाज नाय तुला? जिवंत होती तेव्हा सुट्टीवरून टोमणे मारलेस. मेली तर तिला देव केलंस, आणि देवाकडून पण मतदारयादीच करून घेतोस?

आता कोण हसत नाय ते बरं झालं.

काही बायका मला म्हणाल्या, ‘आजी, बाईंचा जीव शाळेत होता, म्हणून त्या जात नाहीत. किती मोठं मन!’ मोठं मन नाय गं. बाईंचा जीव नवऱ्यापाशी होता. बाईंचा जीव झोपेत होता. मी भिंतीपलीकडे राहायचे, मला माहीत हाय. बाई अडकलेल्या नाहीत. आपण सोडलेलं नाय. बदली झाली तेव्हा सोडलं नाय, ताप आला तेव्हा सोडलं नाय, जाळून आलो तरी सोडलं नाय. त्या बिचाऱ्या शिस्तीच्या. सोडल्याशिवाय जायचं नाय, एवढंच त्यांना माहीत.

म्हणून मी रडायला उभी राहिले नाय. मी मागायला उभी राहिले.

गुरुजी, उद्या शाळा बंद ठेवा. एक दिवस. बाईंसाठी. तपासणीवाले आले तर त्यांना माझ्याकडे पाठवा, मी चहा देईन आणि वर दोन शब्द देईन. परवापासून तिसरीची पोरं चौथीबरोबर व्हरांड्यात बसवा. तुमी शिकवा. दंगा होईल. होऊ दे. पोरं एकमेकांच्या डोक्यात पाटी घालतील त्या दिवशी मी देवाला साखर ठेवीन. आणि हा वर्ग रिकामा राहील, माणूस मिळेपर्यंत. जिवंत माणूस.

मान हलवताय? नुसती मान नको. तोंडानं बोला. मोठ्यानं बोला, तुमी त्यांचे साहेब होतात, त्यांना तुमचं ऐकू गेलं पाहिजे.

... हां. ऐकलं सगळ्यांनी? ‘कल्पनाबाई, तुम्हाला कार्यमुक्त केलं.’ आवाज कापला गुरुजींचा. कापू दे. हे वाक्य त्यांना आधी बोलता आलं असतं तर आज आपण सगळे आपापल्या घरी असतो.

आता शेवटचं. सभा संपताना उभं राहून शांत राहायची पद्धत हाय. आपण शांत राहू, पण इथं उभं राहून नको. या बाई वर्गात एकपण पोर असेपर्यंत कधी खुर्चीवरून उठल्या नाहीत. तुमच्यातले कितीतरी त्यांच्या हाताखालून गेलेले. तुमी बसून राहिलात तर त्या पण बसून राहतील.

तर एकेकानं उठायचं. बोलायचं नाय. ‘येतो बाई’ म्हणायचं नाय, त्या उत्तर देतील. काही मागायचं नाय. मढं जाळून आपण नदीवरून कसे येतो? मागं न बघता. तसंच इथून निघायचं, घरापर्यंत. भाऊ, तुमी सगळ्यांच्या पुढं व्हा. तुमच्याकडेच यायचं होतं त्यांना.

कल्पनाबाई, माझा नमस्कार. खोलीचं काय ते मी बघते.

चला. उठा सगळे. आणि शेवटी निघेल त्यानं दार ओढून घ्यायचं नाय. आपल्यामागनं अजून एक माणूस बाहेर पडायचं हाय.