पत्रिका जुळत नाही

माधवगंजच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोन म्हातारी माणसं बोलत होती.

"सुधाताई, हॅकरला पैसे दिलेत म्हणे? सरळ पोलीस थाण्यात जायचं ना!"

"वधू-वर केंद्र आहे माझं, बळवंतराव. कोणी कोणाला का नाकारलं, ती खरी कारणं सुनेनं कॉम्प्युटरवर चढवली होती, अगदी आईच्या वेळेपासूनची. तो मेला आपल्या अख्ख्या लश्कर भागाला पाठवणार होता."

"तुमची आई तर सगळ्यांना एकच सांगायची."

"पत्रिका जुळत नाही. आणि हातावर बेसनाचा लाडू ठेवायची."

"मीही खाल्लाय तो. तुम्हालाच मागणी घातली होती आमच्या घरच्यांनी."

"आठवतंय. चौकड्यांचा शर्ट होता तुमचा."

"खरं कारण काय होतं हो?"

"ते सांगायचं असतं, तर पैसे कशाला दिले असते?"