उताराची वाळू

सुरुवातीपासून सांगा म्हणालात, म्हणून नदीपासून सांगते. आमचं गाव कृष्णेच्या काठी, साताऱ्याहून एसटीनं तासाभराच्या वाटेवर, आणि जमीन म्हणाल तर आम्हाला नव्हतीच, पावसाळा सरून पाणी ओसरलं की पलीकडच्या काठाला जी वाळू उघडी पडायची तीच आमची जमीन. वडील त्या वाळूत हात-हात खोल खड्डे घ्यायचे, शेणखत भरायचे आणि कलिंगडं लावायचे, आणि ते गेल्यावर माझा धाकटा भाऊ दत्ता लावायला लागला. मी थोरली. मला वाचायचं वेड आणि दत्ताला पाण्याचं. तो चौथीनंतर शाळेकडं फिरकला नाही, मी मॅट्रिक होऊन साताऱ्यात एका वाचनालयात लागले, पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, सुटलेली पानं शिवायची, आणि जवळच एका खोलीत राहायचं, त्यातच वय गेलं. लग्न झालं नाही, का झालं नाही ते आता सांगण्यासारखं राहिलेलं नाही. दत्ता, त्याची बायको शालन आणि त्यांची एकुलती मुलगी अश्विनी, एवढंच माझं घर. हे आधीच सांगते, कारण पुढं जे सांगणार आहे ते मी सहा वर्षं शालनपासून लपवून ठेवलं, तिला कळलं तर हे घरही आपलं राहणार नाही या भीतीनं.

उतार म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. नदी जिथं उथळ असते, पायी पलीकडं जाता येतं, त्या जागेला आम्ही उतार म्हणतो. उन्हाळ्यात तिथं गुडघाभर पाणी, फार तर मांडीइतकं. आजूबाजूला मात्र खोल. दर साली दसऱ्यानंतर गावातली माणसं काठीनं तळ चाचपत चाचपत उताराची वाट नव्यानं ठरवायची आणि त्या वाटेवर फुटक्या कौलांचे तुकडे पसरायची. घर शाकारताना कौल फुटलं तर ते कुणी उकिरड्यावर टाकत नसे, उताराला लागेल म्हणून घरामागच्या परड्यात ठेवायचे. का, तर डोक्यावर कलिंगडांची पाटी असली की माणसाला खाली बघता येत नाही. नजर समोरच्या काठावर ठेवायची आणि वाट पायाच्या तळव्यांनी ओळखायची. पायाला कौल लागतंय तोवर चालायचं, नुसती वाळू लागली की थांबायचं. दत्ता म्हणायचा, आक्का, झोपंत चाललो तरी पलीकडंच निघंन मी. आम्ही हसायचो.

नव्वद सालानंतरची गोष्ट आहे ही. वाचनालयात रोज सकाळी पेपर वाचायला एका मंडळाचे चिटणीस यायचे, त्यांना सगळे तात्या म्हणायचे. त्यांच्या मनात आलं की उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर, साताऱ्याच्या मधोमध जे मैदान आहे तिथं चौपाटी करायची. वाळू पसरायची, एका अंगाला मोठी ताडपत्री अंथरून टँकरनं गुडघाभर पाणी सोडायचं, छत्र्या लावायच्या, आणि ज्यांना कोकणात जाणं जमत नाही त्यांनी पोराबाळांना घेऊन इथं यायचं. त्यावर पेपरच्या टेबलाशी दोन-तीन दिवस नुसती चर्चा. एकजण म्हणाला, तात्या, भेळेच्या गाड्या लागतात तिला आपण चौपाटीच म्हणतो, इतकी वर्षं पाण्यावाचून काही अडलं नाही. दुष्काळी माण तालुक्यातले एक शिक्षक होते, मेंढरं राखणाऱ्या घरातले, ते म्हणाले, आवं तात्या, आमच्या वाडीत बाया दोन दोन दिस टँकरची वाट बघत्यात, आन् तुमी टँकरनं समुद्र भरताय व्हय.  मला अजून आठवतं, पेपर घडी घालून ठेवला तात्यांनी. तिथं ते सगळं संपलं असतं.

आणि मी बोलले. मी कधी कुणाच्या बोलण्यात पडत नाही, वाचनालयात आवाज करू नका असं सांगण्याइतपतच माझा आवाज. पण म्हणाले की माझ्या भावजयीनं जन्मात समुद्र बघितला नाही, इथं पुस्तकं न्यायला येणाऱ्या किती बायकांनी बघितला नसेल, त्यांना नवऱ्याबरोबर, मुलांबरोबर दोन तास पाण्यात पाय सोडून बसायला मिळालं तर त्यात वाईट काय. तात्यांना जोर आला. म्हणाले, फक्त वाळू चांगली पाहिजे, मातीची नको, पोरांच्या अंगाला चिकटते. मी म्हणाले, आमच्या गावच्या उताराला आहे तशी, पांढरी, बारीक, धुतल्यासारखी. मला कुणी विचारलं नव्हतं.

त्याच दिवशी मी दत्ताला अंतर्देशीय पत्र टाकलं, की माणसं ट्रॅक्टर घेऊन येतील, त्यांना उताराजवळची वाळू दाखव, नाही म्हणू नकोस, माझा शब्द गेलाय. माझा शब्द गेलाय, हे मी लिहिलं. तो शनिवारी बाजाराला आला तेव्हा म्हणाला, घेऊ देत की, पण उताराच्या खालच्या अंगाची, वरच्या अंगाला हात लावायचा न्हाई. पाणी खाली जातंय, खाली खणलं तर वर काय हुतंय. जन्म नदीत काढलेल्या माणसाचा तो अंदाज, आणि एवढी पुस्तकं हाताखालून गेली तरी माझ्याही मनात शंका आली नाही. नदी तसं करत नाही. खाली खड्डा पडला की तो भरायला ती वरची वाळू ओढून घेते, रोज थोडी, वरून काही दिसत नाही. हे मला कळलं ते नंतर.

चौपाटी झाली. आणि काय सांगू तुम्हाला, ती चांगली झाली होती. संध्याकाळी उन्हं कलली की माणसं यायची. आमच्या आळीतल्या एका पोलिसाची बायको चार पोरं घेऊन पाचला यायची ती दिवे लागेपर्यंत हलायची नाही, म्हणायची, आक्का, घरात एकच खोली, तिथं पोरं पायात पायात येतात, इथं ती मला लांबनं दिसतात, लांबनं लय गोड दिसतात बघा. वयस्क बायका आधी चपला हातात धरून कडेला उभ्या राहायच्या, मग एकजण लुगडं घोट्याच्या वर धरून पाण्यात पाय घालायची, की मागोमाग सगळ्या. नवरे छत्रीखाली बसून म्हणायचे, जपून, लाट येईल. त्या म्हणायच्या, तुम्ही आधी उठून तर बघा. अश्विनी तेव्हा आठ वर्षांची, सुट्टीला माझ्याकडं आली होती. मी वाचनालय बंद करून रोज तिला घेऊन जायची आणि वाळूत बसायची, आमच्या गावच्या वाळूत, आणि मला अभिमान वाटायचा.

एवढ्या पायांखाली वाळू मळायची, म्हणून दर चार दिवसांनी ट्रॅक्टर जायचे, वरची खरवडून न्यायचे आणि नवी आणून टाकायचे. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा नवी वाळू आली, त्या दिवशी अश्विनी एका जागी उकरत बसली होती. फ्रॉकच्या ओच्यात काहीतरी घेऊन आली आणि माझ्यापुढं ओतलं. लाल तुकडे होते, कडा झिजून गोल झालेले, हाताला गुळगुळीत. म्हणाली, आत्या, आपल्या उताराची कौलं. मी म्हणाले, अगं, नदीत काय कौलांचे तुकडे कमी असतात. ती म्हणाली, नाही, हीच ती, माझ्या पायाला ठाऊक आहेत. मी एक तुकडा उचलला. तो कुणाच्या तरी घरावरचा होता आणि कित्येक वर्षं माणसांच्या तळव्यांखाली झिजला होता हे मलाही दिसत होतं. खालच्या अंगाच्या वाळूत उताराची कौलं कशी येतील, हा प्रश्न मला पडला, खोटं सांगत नाही, पडला. पण तो गुरुवार होता, आणि रविवारी दत्ता शालनला घेऊन चौपाटी बघायला येणारच होता. मी म्हटलं, आला की विचारू. गुरुवारी शेवटची एसटी गावाला जायची ती साडेसहाला. मी सहापर्यंत वाळूत बसून होते.

रविवारी अश्विनीनं नवा फ्रॉक घातला. आम्ही चारलाच गेलो. तिनं आईबापाला बसायला म्हणून पाण्याजवळची जागा हातानं सारखी करून ठेवली आणि दुसऱ्या कुणाला तिथं बसू देईना. पाच वाजले, साडेपाच झाले. ती दर थोड्या वेळानं रस्त्याकडं बघून यायची. मग गावातला आमचा शेजारी गर्दीतून येताना दिसला, पायात चपला, वाळूत पाय टाकायला बिचकत होता, आणि त्याच्याबरोबर दत्ताही नव्हता आणि शालनही नव्हती. त्यानं मला बाजूला बोलावलं नाही, पोरीच्या देखतच बोलला. म्हणाला, आक्का, पोरीला घ्या, आपल्याला जायचंय.

तुम्ही म्हणाल, पोहणारा माणूस कसा बुडाला. मीही तेच विचारलं होतं. चौपाटीवरच्या माणसांना आपल्या मळ्यातली कलिंगडं खायला घालायची म्हणून तो सकाळी पलीकडं गेला, रानातून, पुलाच्या लांबच्या वाटेनं, बैलगाडीबरोबर. गाडी पुढं कुणाच्या तरी कामाला गेली आणि येताना तो भरलेली पाटी घेऊन रोजच्यासारखा उतारानं निघाला. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांनी बघितलं. त्या म्हणाल्या, निम्म्यापर्यंत आला, हसत काहीतरी बोलला, आणि मग एकाएकी खाली गेला. पायाखाली कौलं होती, पण कौलांखाली वाळू राहिली नव्हती. तो गेला तो ढासळत्या वाळूसकट, आणि मांडीपर्यंत रुतला. पोहायचं तर पाय मोकळे हवेत. कलिंगडं तेवढी वर आली.

तिसरा झाला, दहावा झाला. तात्या येऊन गेले, नदीनं नेलं, आपण काय करणार, म्हणाले. मी मान हलवली. खाली खणल्यानं उताराची वाळू गेली हे त्यांना कळलं नव्हतं, गावातही कुणी बोललं नाही, उताराचं नशीबच फिरलं असं सगळे धरून चालले. दहाव्या दिवशी सगळे नदीवर असताना मी मागं घरी राहिले, आणि तुळईच्या फटीत कागदपत्रं खोचलेली असतात तिथून माझं ते पत्र काढून घेतलं, पोलक्यात घातलं आणि साताऱ्याला आणलं. फाडलं नाही. शिकलेल्या माणसाला कागद फाडवत नाही. चौपाटी मात्र ठरल्यासारखी महिना संपेपर्यंत चालली. अश्विनीनं त्या तुकड्यांचं नाव पुन्हा कधी काढलं नाही, आणि मीही तिला विचारलं नाही.

मग सहा वर्षं गेली. दर दिवाळीला जायचे, शालन ताट वाढायची, आक्का घ्या, आक्का पोटभर जेवा, आणि मी ताटातनं मान वर न करता जेवायचे. यंदा चैत्रात तात्या पुन्हा वाचनालयात आले. केस पांढरे झालेत आता. म्हणाले, आक्का, लोक विचारतात, पुन्हा करा म्हणतात चौपाटी, तुमचं मत काय, कुटुंबांना उपयोग होतो ना.  मी म्हणाले, दोन दिवसांनी सांगते, आणि दुसऱ्या दिवशी पत्र पिशवीत घालून गावाला गेले.

शालन परड्यात भांडी घासत होती. मी तिच्यासमोर दगडावर बसले आणि सगळं सांगितलं, पेपरच्या टेबलापासून, आणि पत्र पुढं ठेवलं. तिनं हात धुतले, पदराला पुसले, पण पत्राला शिवली नाही. म्हणाली, ठावं हाय मला, आक्का. त्यास्नी कुठं धड वाचाय येत हुतं, मीच वाचून दावलं की. ते म्हनले, उताराची वाळू देऊ नये गं, शालन. मीच म्हनलं, आक्कांनी जल्मात काय मागितलंय आपल्याला, द्या, पोरीला बी जरा समुद्र बघाय मिळंल. मग म्हणाली, पत्र तुमी न्येलंसा ते बी कळलं हुतं. मला वाटलं, माझ्या डोळ्यांम्होरं नगो म्हणून न्येलंसा. म्हनलं, आक्का मोठ्या मनाच्या, मला बोल लावत न्हाईत. सा वर्सं तुमाला वाढताना म्या कदी तुमच्या तोंडाकडं बगितलं न्हाई.

आम्ही दोघी बसून राहिलो. रडलो नाही. ते दिवस उलटून गेले होते.

निघताना मी तिला तात्यांचं विचारलं. अशी चौपाटी करावी का, तूच सांग.  ती म्हणाली, करू द्यात. पोरं खेळत्यात, बाया हसत्यात, त्यात त्यांचा काय गुन्हा. पर वाळू कुठली आणताय, ते आदी इचारा.

मी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, यंदा कंत्राटदार आणून टाकणार आहे, आपल्याला तो ताप नाही. कंत्राटदाराच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, नदीची. कुठल्या नदीची, कुठल्या गावाजवळची. तो माझ्याकडं बघून हसला, म्हणाला, बाई, वाळू बगून घ्या, चांगली हाय का न्हाई एवढं सांगा, गाव कशाला पायजे. काल ट्रॅक्टर यायला लागलेत. वाचनालयाच्या खिडकीतून दिसतात, ओली वाळू भरलेले, रस्त्यावर मागं पाण्याची धार. मैदानावर आत्तापासूनच पोरं जमतात. जमू देत, खेळू देत, सुखी राहू देत. आणि ज्या गावची ती वाळू असेल, तिथल्या बायाबापड्यांना देव यंदा तरी पलीकडं पोचवू दे.